शेजारच्या देशात फौज पाठवावी का? श्रीलंकेत सुरुंग काढलेल्या एका सॅपरचं उत्तर

गणपतीत गौरी यायच्या आदल्या रात्री आरती झाल्यावर आमच्या ओटीवर दोन पोरांचं जे जुंपलं त्याचं हे उत्तर आहे. एक माझा पुतण्या, डोंबिवलीला राहतो, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि दुसरा त्याचा आतेभाऊ म्हणजे माझा भाचा, इथेच गुहागरला बापाबरोबर होडीवर जातो. शेजारच्या देशात भांडण पेटलं तर आपली फौज पाठवावी की नाही असा विषय चालला होता आणि तिथून तो श्रीलंकेवर आला, ८७ ते ९० आपली शांतिसेना तिथे होती त्यावर. पुतण्या म्हणाला फौज एकदा गेली की देशातल्या माणसाने तोंड बंद ठेवायचं, विरोध करतील ते सगळे गद्दार, आणि श्रीलंकेत आपण जिंकतच होतो, राजकारण्यांनी मधेच परत बोलावलं. भाचा म्हणाला दुसऱ्याच्या घरात शिरायचंच कशाला, हजारावर जवान फुकट गेले, ज्यांना वाचवायला गेलो त्यांनीच मारलं. आवाज इतका चढला की शेजारच्या घरातली माणसं दारात आली. मग दोघं माझ्याकडे वळले, एक काका म्हणतो, एक मामा म्हणतो, पण प्रश्न एकच, तुम्ही तिथे होतात, सांगा जायला पाहिजे होतं का, आणि विरोध करणारे चुकले का?

त्या रात्री मी काही बोललो नाही. आता चाकरमानी गेले, घर रिकामं झालंय, पाऊसही जरा उघडलाय, तर बसून सगळं लिहितो, लांबेल, पण वाचा.

मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा. १९८१ ला भरती झालो तेव्हा १९ वर्षांचा होतो. सॅपर म्हणजे फौजेतला रस्ते, पूल, पाणी आणि सुरुंग बघणारा माणूस, इन्फन्ट्रीच्या पुढे रस्ता तपासत चालणारा. श्रीलंकेत ८७ च्या ऑगस्टमध्ये गेलो आणि ९० च्या फेब्रुवारीत परत आलो, मधे दोनदा सुट्टीवर घरी येऊन गेलो तेवढंच. दिल्लीत कोण काय बोलत होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, ते मागाहून वाचून वाचून कळलं. पण तिथल्या उत्तरेकडच्या तामिळ भागात, जाफन्याच्या रस्त्यावर काय होतं ते मी पोटावर सरपटत हाताने चाचपलेलं आहे.

आधी थोडं मागचं सांगतो कारण भांडणात दोघांनीही ते सोडून दिलं होतं. १९५६ ला तिथे, तेव्हा सिलोन म्हणायचे, सिंहली हीच सरकारी भाषा असा कायदा झाला. उत्तरेला आणि पूर्वेला राहणारी तामिळ माणसं आपल्याच देशात सरकारी कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारी झाली, मग नोकऱ्या गेल्या, मग युनिव्हर्सिटीतले प्रवेश आवळले. १९८१ ला जाफन्याची लायब्ररी जाळली, जवळपास ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. जुलै ८३ ला लिट्टेच्या, म्हणजे वेगळा तामिळ देश मागणाऱ्या हत्यारी संघटनेच्या, हल्ल्यात १३ सैनिक मेले आणि त्याचा सूड कोलंबोतल्या साध्यासुध्या तामिळ दुकानदारांवर, बायकापोरांवर निघाला, घरं जाळली, माणसं मारली, आणि लोकं बोटीत बसून तामिळनाडूला आली. त्यानंतर आपलं सरकारही हातावर हात ठेवून बसलं नव्हतं, तिथल्या तामिळ गटांच्या पोरांना आपल्याकडे ट्रेनिंग मिळालं, हत्यारं मिळाली, हे आता कोणी लपवत नाही. म्हणजे ज्यांच्याशी आम्ही पुढे लढलो त्यांना लढायला शिकवण्यात आपलाच हात होता, हे आधी ध्यानात घ्या आणि मग बाकीचं वाचा.

८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या फौजेने जाफन्याकडे मोर्चा वळवला. ३ जूनला आपण धान्य आणि औषधं भरून होड्या पाठवल्या, त्या त्यांच्या नेव्हीने परत फिरवल्या, तर ४ तारखेला पाच एएन-३२ विमानांनी, सोबत मिराज लढाऊ विमानं घेऊन, जाफन्यावर सामान टाकलं. श्रीलंका भडकली, साहजिक आहे, दुसऱ्याच्या आकाशात आपण विचारल्याशिवाय गेलो होतो. मग २९ जुलैला राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. तामिळ भागाला प्रांतिक सरकार मिळायचं, अतिरेक्यांनी हत्यारं टाकायची, श्रीलंकेच्या फौजेने बराकीत जायचं, आणि हे सगळं होतंय की नाही ते बघायला भारताची शांतिसेना. आता यात गोम काय होती ते बघा. सह्या दोन सरकारांच्या होत्या. ज्यांनी हत्यारं टाकायची त्या लिट्टेची त्यावर सही नव्हती. गावात दोन भावांचं बांधावरून भांडण असतं तेव्हा पंच काय करतात, दोघांचे अंगठे घेतल्याशिवाय बांध घालायला कोणी उभा राहत नाही. इथे एका भावाचा अंगठा घेतला, आणि दुसऱ्याच्या वतीने आपण सही करून टाकली.

आणि ज्याचा अंगठा घेतला त्याच्याही घरात एकमत नव्हतं. त्यांचे पंतप्रधान प्रेमदासा कराराच्या विरोधात होते, कोलंबोत दंगली झाल्या, आणि सहीच्या दुसऱ्या दिवशी गार्ड ऑफ ऑनर चालू असताना एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला. ते वाकले म्हणून खांद्यावर निभावलं. तो फोटो सगळ्या जगाने बघितला, आम्ही तेव्हा सामान बांधत होतो, आम्हाला कोणी त्याचा अर्थ सांगितला नाही.

आता जाफना. मी उतरलो आणि पहिल्यांदा खाली मातीकडे बघितलं. लाल माती. अगदी आपली. माड होते, आंबे होते, ताडाची झाडं मात्र आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि घरांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा, दोन्ही बाजूला ताडाच्या झावळ्यांची डोक्यापेक्षा उंच कुंपणं. आपल्या पाखाडीला जसे दोन्ही अंगाला जांभ्याचे गडगे असतात तसं, फक्त गडग्यावरून पलीकडचं दिसतं, तिथे काही म्हणजे काही दिसायचं नाही. तेव्हा ते बघून मला घरची आठवण आली होती. दोन महिन्यांनी त्याच कुंपणांची भीती वाटायला लागली.

पण सुरुवातीचे ते दिवस खरे होते, ते कोणी खोटे म्हणू नये. लोकांनी हार घातले. बायका रस्त्याच्या कडेला पाण्याचे तांबे घेऊन उभ्या. आमचं पहिलं काम होतं श्रीलंकेच्या फौजेने आणि लिट्टेने दोघांनीही पेरून ठेवलेले सुरुंग काढणं, म्हणजे लोकांना आपल्या घरी, आपल्या विहिरीवर जाता यावं. एका शाळेच्या आवारातून आम्ही सुरुंग काढले तेव्हा तिथल्या मास्तरांनी आम्हाला शहाळी पाजली. पोरं तर पाठच सोडायची नाहीत, डिटेक्टर कानाला लावून बघायला मागायची. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमच्यात दोनतीन मद्रासी जवान होते त्यांच्यावर सगळं चालायचं.

सप्टेंबरात वारं फिरलं. लिट्टेचा थिलीपन नावाचा तरुण नल्लूरच्या मुरुगनाच्या देवळाजवळ उपोषणाला बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही, मागण्या भारत सरकारकडे होत्या, आणि २६ सप्टेंबरला तो गेला. माणसांचा समुद्र लोटला होता त्या दिवसांत. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नेव्हीने लिट्टेचे १७ जण समुद्रात पकडले, त्यांना कोलंबोला न्यायचं की नाही यावर जाफन्याजवळ पलालीच्या विमानतळावर ओढाताण चालली, आणि ५ तारखेला त्यांनी सायनाइड खाल्लं, १२ जण मेले. त्यानंतर लिट्टेने सिंहली माणसांना मारायला सुरुवात केली आणि पाचसहा दिवसात आम्हाला हुकूम आला की आता जाफना ताब्यात घ्यायचं. ऑपरेशन पवन.

दोघांनीही इथे थांबून विचार करा. ऑगस्टमध्ये जी फौज दोन भावांच्या मधे उभी राहायला म्हणून गेली तीच ऑक्टोबरमध्ये त्यातल्या एकाशी लढायला लागली. तेच जवान, तीच ७.६२ ची जड एसएलआर रायफल, तेच जुने नकाशे, आणि समोर हलक्या एके-४७ घेतलेली, प्रत्येक पाखाडी पाठ असलेली पोरं. काम बदललं तर फौज बदलावी लागते, तयारी बदलावी लागते, आणि सगळ्यात आधी देशाला सांगावं लागतं की काम बदललंय. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानावर हेलिकॉप्टरने पॅरा कमांडो आणि शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान उतरवले, लिट्टेला आधीच सुगावा लागला होता, शीख एलआयचे ३० उतरले त्यातले २९ मेले, एक जण पकडला गेला. अशा कामासाठी त्यांना घरून कोणी पाठवलं नव्हतं, कागदावर ते शांतिसेनेतच होते.

माझं काम आता रोड ओपनिंग. सकाळी कन्व्हॉय निघायच्या आधी पुढे चालायचं, डिटेक्टर, प्रॉडर म्हणजे माती टोचून बघायची सळई, आणि डोळे. लिट्टेचे सुरुंग आमच्या ट्रेनिंगमधले नव्हतेच. प्लॅस्टिकच्या जेरीकॅनमध्ये दारू भरायचे, त्यात लोखंड नावालासुद्धा नाही, डिटेक्टर मुका. मोरीखाली ठेवायचे, किंवा डांबर उचकटून खाली घालून वर परत डांबर बसवायचे, आणि वायर कुंपणाच्या पलीकडे लांब नेऊन तिथून बटण दाबणारा माणूस. म्हणजे तुम्ही त्याच्यावरून चालत गेलात तरी काही होत नाही, तो वाट बघतो मोठ्या गाडीची. ट्रक अख्खा उडायचा आणि रस्त्यात विहिरीएवढा खड्डा.

मग आम्ही काय बघायचो? ताजी माती, ओलसर डाग, मोरीच्या तोंडाशी तुडवलेलं गवत, वायरीचा चर. पण खरं सांगू, यापेक्षा जास्त आम्ही माणसं बघायचो. ज्या वळणावर रोज सकाळी पोरं सायकलचं टायर पळवताना दिसायची तिथे एके दिवशी एकही पोर नाही. चहाची टपरी बंद. विहिरीवर बाई नाही. कुत्रं तेवढं फिरतंय. की मी हात वर करायचो आणि कन्व्हॉय मागे थांबायचा. तिथल्या सगळ्या गावाला माहीत असायचं, फक्त आम्हाला माहीत नसायचं. ऑगस्टमध्ये याच गावातल्या बाईने पदर हलवून एका जुन्या सुरुंगाची जागा आम्हाला दाखवली होती. ऑक्टोबरनंतर तसं कोणी दाखवलं नाही, काही भीतीने, काही रागाने, आणि त्या रागाला कारणं होती.

कारणांवर बोलतो, कारण पुतण्या म्हणतो की फौजेबद्दल वाईट बोलूच नये. २१ ऑक्टोबरला जाफन्याच्या हॉस्पिटलात आपले जवान शिरले आणि त्या रात्रीत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पेशंट, डॉक्टर, नर्स धरून साठावर माणसं मेली. आपल्या बाजूने सांगितलं गेलं की आतून गोळीबार झाला, दोन्हीकडच्या माऱ्यात ती माणसं सापडली. तिथली जी माणसं वाचली त्यांचं म्हणणं तसं नाही, ते त्याला हत्याकांड म्हणतात आणि दरवर्षी त्या दिवशी दिवे लावतात. मी तिथे नव्हतो. पण त्यानंतर त्या हॉस्पिटलाच्या रस्त्याने मी गेलोय आणि लोकांचे चेहरे बघितलेत, आणि मला माझा गणवेश अंगावर जड वाटला होता. ज्याचं फौजेवर प्रेम आहे त्याने हे वाचायला पाहिजे, कारण हे बोललं गेलं नाही तर पुढच्या वेळी पोरांना कोण सांगणार की आजारी माणसाच्या खाटेजवळ बोट ट्रिगरवर ठेवून जायचं नसतं.

आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, भाच्यासाठी सांगतो, जो म्हणतो फुकट गेले. २५ नोव्हेंबर ८७ ला मेजर रामस्वामी परमेश्वरन, ८ महारचे, मुंबईत जन्मलेले, रात्री सर्च करून परत येताना त्यांच्या तुकडीवर घात झाला, त्यांनी शत्रूला मागून घेरलं, समोरासमोर छातीत गोळी लागल्यावर त्याच माणसाची रायफल हिसकावून त्याला मारलं, आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. परमवीर चक्र मिळालं, त्या अख्ख्या मोहिमेतलं एकच. महार रेजिमेंटमध्ये आपल्या दापोली-मंडणगड-खेडची किती घरं पिढ्यानपिढ्या आहेत ते तुम्हाला माहीत आहे. त्या माणसाने आपल्या जवानांना वाचवलं. त्याला फुकट म्हणायचं नाही. पाठवणाऱ्याचा निर्णय चुकला असेल, पण गेलेल्याचं काम त्याने खोटं ठरत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिका.

माझा एक जोडीदार होता लांज्याकडचा. नाव लिहीत नाही, घरची माणसं आहेत अजून. आम्ही खडकीला एकाच बराकीत होतो, बोलायला आपली बोली मिळायची म्हणून जास्त जवळ. ८८ च्या पावसाळ्यात वावुनियाच्या बाजूला मोरी तपासताना तो गेला. मी शंभर पावलं मागे होतो. तिथेच अग्नी दिला आणि अस्थी घरी पाठवल्या. सुट्टीवर आलो तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. त्याची आवस ओटीवर भात पाखडत होती. मला विचारलंन, कुठल्या लढाईत गेला रे? मी म्हटलं श्रीलंकेत. म्हणाली, लंकेशी आपलं काय वैर होतं, ते तर रामाच्या वेळचं ना? मी काय सांगणार होतो तिला. युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. पेपरात युद्ध असा शब्द नव्हता. एका सरकारी टेबलावर तिच्या मोठ्या मुलाला विचारलं गेलं की लढाई नव्हती तर लढाईत मेल्याचा कागद कसा द्यायचा. तो कागद मिळायला पुढे खूप दिवस गेले.

आता विरोध करणाऱ्यांबद्दल. श्रीलंकेत सिंहली बाजूने विरोध होताच, दक्षिणेत जेव्हीपी नावाच्या संघटनेने आमच्या तिथे असण्याचा मुद्दा करून दोन वर्षं रक्तपात केला. प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि ८९ च्या जूनमध्ये जाहीर सांगितलं की २९ जुलैच्या आत भारताची फौज निघाली पाहिजे, आणि आम्हाला घालवण्यासाठी त्यांनी चक्क लिट्टेलाच हत्यारं दिली. म्हणजे ज्याच्या बोलावण्यावरून गेलो त्याच्या जागी आलेल्यानेच दार दाखवलं. तामिळनाडूत तर घराघरात विरोध होता, तिथल्या माणसाला जाफन्याचा तामिळ आपला वाटतो, त्याची माणसं आपल्याच फौजेच्या गोळीने मरतायत हे त्याला कसं गिळणार. दिल्लीत व्ही. पी. सिंगांचं सरकार डिसेंबर ८९ ला आलं, त्यांनी परतीचं पक्कं केलं आणि शेवटची तुकडी २४ मार्च ९० ला त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला स्वागत ठेवलं होतं, मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.

त्याचा मला तेव्हा प्रचंड राग आला होता, महिनाभर आधी मी त्याच बंदरात उतरलेलो, वाटलं आमच्या मेलेल्या पोरांचा अपमान केला. खूप वर्षं तो राग माझ्या मनात होता. आता नाही. कारण सांगतो.

मद्रासहून मी दादरला आलो आणि दादरहून एसटीच्या रातराणीने घरी, तेव्हा कोकण रेल्वे कुठे होती. माणगावच्या पुढे कंडक्टर येऊन बाजूला बसला, ट्रंक बघून म्हणाला मिलटरी काय, काश्मीर का? म्हटलं नाही, श्रीलंका. तो म्हणाला, अरे तिकडे आपली फौज आहे? अडीच वर्षं झाली होती रे. लाखाच्या घरात माणसं आलटून पालटून तिथे राहून आली होती, जवळपास १२०० मेली होती, तीन हजारांवर जखमी झाली होती, आणि चांगल्या शिकलेल्या माणसाला ते माहीत नव्हतं. घरी आलो तर गावातही तेच, लोकांनी आस्थेने विचारलं, जेवायला बोलावलं, पण कुठे होतास आणि कशासाठी होतास हे कोणाला कळलंच नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं की मद्रासमधली जी माणसं आमच्या विरोधात बोलत होती त्यांना आम्ही कुठे आहोत, काय करतोय, कोण मरतंय हे सगळं माहीत होतं. ती आमच्यावर रागावली होती कारण ती बघत होती. आमच्याकडे कोणी विरोध केला नाही कारण कोणी बघतच नव्हतं. मला विचाराल तर तो विरोध परवडला. आपल्याकडच्या त्या गप्प बसण्याने ऑक्टोबर ८७ मध्ये कोणी विचारलं नाही की बाबांनो, शांतिसेना म्हणून पाठवलेली माणसं लढाईला कधी लागली आणि का. ते जर तेव्हाच, पहिल्या आठवड्यात, मुंबई-पुण्यात आणि चिपळूण-रत्नागिरीत जोराने विचारलं गेलं असतं तर लांज्याच्या त्या घरातला माणूस आज माझ्याबरोबर बसून वाद घालत असता असं मला मनापासून वाटतं. कदाचित चुकत असेन, पण वाटतं.

म्हणून पुतण्याला माझं उत्तर. विरोध करणारा गद्दार नसतो. जॉर्ज फर्नांडिसांचं नाव घेतो, रेल्वेमंत्री असताना ज्यांनी कोकण रेल्वेचं काम मार्गी लावलं, ज्या गाडीने तू गणपतीला येतोस. ते श्रीलंकेतल्या तामिळांचे उघड समर्थक होते, कधी लपवलं नाही. आणि तेच पुढे १९९८ ला संरक्षणमंत्री झाले आणि सियाचीनवर इतक्या वेळा गेले की जवान त्यांना नावाने ओळखायचे. त्यांना तू गद्दार म्हणशील? आणि आपण जिंकत होतो म्हणतोस, तर जाफना शहर आम्ही दोनतीन आठवड्यात घेतलं हे खरं, पण घेतलेलं शहर आणि जिंकलेलं शहर यात फरक असतो. जिंकलं असतं तर दोन वर्षांनीसुद्धा मला रोज सकाळी तोच रस्ता परत तपासावा लागला नसता. ८८ च्या नोव्हेंबरात प्रांताची निवडणूक घेतली, वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले, आणि आमची पाठ वळताच त्यांना भारतात पळून यावं लागलं. २१ मे ९१ ला श्रीपेरंबुदूरला लिट्टेने राजीव गांधींना मारलं. प्रेमदासांनाही ९३ च्या १ मे ला त्यांनीच मारलं, ज्यांना त्यांनी हत्यारं दिली होती. लढाई संपली ती २००९ च्या मे मध्ये आणि तीही हजारो साध्या माणसांचा जीव घेऊन.

भाच्याला उत्तर. दुसऱ्याच्या घरात कधीच जायचं नाही असं मी म्हणणार नाही. १९७१ ला पूर्व पाकिस्तानात, आताच्या बांगलादेशात, गेलो ते बरोबरच होतं, तिथल्या लोकांनी ७० च्या निवडणुकीत स्पष्ट कौल दिलेला, एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्या दारात, तिथली मुक्तिवाहिनी आपल्याबरोबर, ३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ ला संपलं, आणि मार्च ७२ मध्ये आपली फौज परत. ती तारीख लक्षात ठेव, मार्च ७२, लोकं फक्त १६ डिसेंबर लक्षात ठेवतात. मालदीवलाही ८८ च्या ३ नोव्हेंबरला गेलो, तिथल्या राष्ट्राध्यक्षाने मदत मागितली, पॅराचे जवान रातोरात उतरले, बंड मोडलं, काम काय ते ठरलेलं होतं आणि बहुतेक जण थोड्याच दिवसात घरी. मी तेव्हा जाफन्यात होतो, रेडिओवर ऐकलं आणि आमच्यातला एक जण म्हणाला, बघ, त्यांना माहीत आहे ते कशाला गेलेत.

तर श्रीलंकेबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. उपाशी माणसांवर धान्य टाकलं ते मी चूक म्हणणार नाही. करार करायचा प्रयत्नही चूक नव्हता, त्या करारामुळेच त्यांच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि प्रांतांना थोडंफार काहीतरी मिळालं, आजही तिथले तामिळ तीच दुरुस्ती पूर्ण अमलात आणा म्हणून मागणी करतायत. पण ज्याची सही नाही त्याच्या हातातलं हत्यार काढायची हमी आपण घेतली तिथे चुकलो. आणि ऑक्टोबरमध्ये काम बदललं तेव्हा थांबून, परत बोलावून, देशाला विचारून मग काय ते ठरवायला पाहिजे होतं, तिथे त्याहून मोठं चुकलो. परत आणलं ते बरोबर केलं, उशिरा केलं.

उद्या परत अशी वेळ आली, आणि आपले शेजारी बघता ती येणारच नाही असं काही नाही, तर तुम्ही दोघं ओटीवर भांडा, खुशाल भांडा, पण फौज निघायच्या आधी भांडा आणि गेल्यावरही दर महिन्याला भांडा. आमदार-खासदार मतं मागायला येतो तेव्हा त्याला विचारा, बोलावलं कोणी, सही कोणाकोणाची आहे, पोरांना नेमकं काय करायला पाठवताय, आणि परतीची तारीख काय. तिथल्या बाया विहिरीवर येतात की दार लावून बसतात तेही विचारा. याची उत्तरं त्याला देता आली नाहीत तर विरोध करा, आणि विरोध करताना गेलेल्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या आवशीची चौकशीही करा, दोन्ही एकाच माणसाला करता येतं.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ ला झालं. त्याच्या आधीच कोलंबोत, त्यांच्या पार्लमेंटजवळ, श्रीलंकेच्या सरकारने आपल्या शांतिसेनेच्या जवानांचं स्मारक बांधलेलं आहे, ज्या देशाने आम्हाला निघा म्हटलं त्याने. दिल्लीला मी मागच्या हिवाळ्यात जाऊन आलो. त्या गोल भिंतींवर विटेविटेवर नावं आहेत, शोधायला पाऊण तास लागला, लांज्यावाल्याचं नाव सापडलं, हात लावून बघितलं. मोबाईलवर फोटो काढलाय, त्याच्या भावाला पाठवला. दिवाळीत दोघं आलात की तुम्हालाही दाखवतो.